भुताला जेवायला कोण वाढायचं?

2019 च्या जुलैमध्ये बातमी आली की अजय देवगण आणि प्रीती सिन्हा मिळून हिंदीत भूतपट काढणाऱ्या रामसे बंधूंवर चरित्रपट काढणार आहेत, लेखन रितेश शाहचं. बातमी जेमतेम चार ओळींची होती, पण मला तेवढी पुरली. मधे करोना येऊन गेला, थिएटरं बंद पडून पुन्हा उघडली, हिंदीत भूतपटांना नव्याने बरकत आली, आणि हा चित्रपट काही आला नाही. जाहीर झालेल्या हिंदी सिनेमांपैकी किती मुहूर्ताच्या नारळापर्यंत पोचतात हे मला ठाऊक आहे. पण वाट बघायला पैसे पडत नाहीत. आणि खरं सांगायचं तर तो चित्रपट माझ्या डोक्यात इतक्या वेळा लागून उतरलाय, की आता खरा आला तर त्याचीच पंचाईत आहे.

माझ्या डोक्यातल्या चित्रपटात रामसेंची सगळी कारकीर्द नाही. ढीगभर सिनेमे, वर टीव्हीवरचा 'झी हॉरर शो', एवढं सगळं अडीच तासांत कोंबलं की चरित्रपटाची यादी होऊन बसते. मला एकाच सिनेमाची गोष्ट पुरे आहे. 'दो गज जमीन के नीचे', 1972. त्याआधी हिंदीत भुताटकी नव्हती असं नाही. 1949 चा 'महल' होता, 1962 चा 'बीस साल बाद' होता. पण तिथलं भूत म्हणजे पांढरी साडी, हातात दिवा आणि लताचा आवाज. असलं भूत अंगणात आलं तर माणूस दोन घटका गाणं ऐकत बसेल. रामसेंनी कबर उकरली आणि मातीने माखलेला देह बाहेर काढला. श्रीमंत नवरा, त्याच्या जिवावर उठलेली बायको, तिचा यार, आणि पुरल्यावर परत येणारा तो नवरा. एवढीच गोष्ट. आणि ती घडली कुठे, तर आमच्या उशाला, महाबळेश्वरात.

मी वाईची. पसरणी घाट चढला की महाबळेश्वर. त्यामुळे 'दो गज'चं शूटिंग तिथे झालं हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला घरचीच बातमी लागल्यासारखं वाटलं. वाईच्या माणसाला शूटिंगचं अप्रूप तसं उरलेलं नाही. 'गंगाजल' इथे झाला, मेणवलीला 'स्वदेस' झाला. घाटावर जनरेटरची गाडी लागली की बायका धुणं जरा पुढच्या पायरीवर नेतात, एवढंच. पण लहानपणापासून हे बघितल्यामुळे एक गोष्ट पक्की कळलेली आहे. शूटिंग म्हणजे बहुतेक वेळ चहा आणि थांबणं. हिरो छत्रीखाली, कॅमेरावाला आभाळाकडे बघत, आणि गावातल्या कुणाच्या तरी पडवीत दीडशे माणसांचा भात शिजतोय. ज्या दिवशी जेवण उशिरा येतं, त्या दिवशी दिग्दर्शक कितीही मोठा असो, काम होत नाही.

म्हणून रामसेंच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त रस आहे तो त्या जेवणात.

थोडं मागून सांगते. वडील फत्तेचंद उत्तमचंद रामसिंघानी. फाळणीआधी कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, म्हणून रामसिंघानीचे रामसे झाले. फाळणीत सगळं सोडून मुंबई गाठली आणि लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान थाटलं. जिथे आजही लोक वायरी, स्पीकर आणि सोल्डरिंगचं सामान घ्यायला जातात, तोच रस्ता. दुकान चाललं, पण गल्ल्यावरच्या माणसाला सिनेमाचा नाद लागला. 1954 मध्ये भगतसिंगांवरच्या चित्रपटाच्या निर्मितीत ते होते. मग 1963 मध्ये 'रुस्तम सोहराब'. पृथ्वीराज कपूर, सज्जाद हुसेनचं संगीत, सुरैयाचा शेवटचा चित्रपट. आणि दिग्दर्शक कोण? विश्राम बेडेकर. होय, 'रणांगण' कादंबरीवाले. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात ज्या माणसासमोर आम्ही हात जोडून बसायचो, तो रामसेंच्या घरचा दिग्दर्शक होता, हे कुणी प्राध्यापकाने कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी हजेरी सुधारली असती.

1970 चा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हासुद्धा रामसेंचा आणि बेडेकरांचाच. हा पडला. पडण्याची गोष्टच मला चरित्रपटात पहिली हवी आहे. ह्या पडलेल्या सिनेमात एक प्रसंग आहे. पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा आणि चिलखती पेहराव चढवून संग्रहालयात चोरी करायला शिरतात, पोलीस गोळ्या झाडतात आणि गोळ्यांचा काही परिणाम होत नाही. बाकी सिनेमा लोकांना नकोसा झाला होता, पण तेवढ्या प्रसंगाला थिएटर हादरायचं. रामसेंची पोरं थिएटरात बसून हे बघत होती. पडद्याकडे नव्हे, लोकांकडे. मला वाटतं सगळ्या चरित्रपटाचा जीव ह्या एका दृश्यात आहे. अंधारात बसलेले, बापाचे पैसे बुडताना बघणारे भाऊ, आणि अचानक समोरच्या रांगेतली माणसं खुर्चीत मागे सरकतात. पोरांनी घरी जाऊन बापाला सांगितलं, लोकांना हे पाहिजे. कुठल्याही दुकानदाराच्या मुलाने सांगितलं असतं तेच. गिऱ्हाईक कुठल्या मालावर हात ठेवतं ते बघायचं आणि तो माल भरायचा.

भाऊ सात. कुमार, तुलसी, श्याम, केशू, किरण, गंगू, अर्जुन. कुणाला सिनेमाचं शिक्षण नव्हतं. मग वडिलांनी पोरांना काश्मीरला नेऊन हाउसबोटीत बसवलं आणि हातात जोसेफ मॅसेलीचं छायाचित्रणावरचं जाडजूड पुस्तक दिलं. तिथे कॅमेरा घेऊन सराव चालला. दल सरोवरावर बाकीची जोडपी मधुचंद्राला आलेली, आणि ह्या बोटीत सात भाऊ क्लोज-अप शिकतायत. हे दृश्य जो दिग्दर्शक गमावेल त्याला मी माफ करणार नाही. पुढे कामं वाटली गेली. कुमारकडे लेखन, गंगू आणि केशूकडे कॅमेरा, किरणकडे आवाज, अर्जुनकडे संकलन, तुलसी आणि श्यामकडे दिग्दर्शन. म्हणजे पगार बाहेर जायला वाटच ठेवली नाही.

आणि मग महाबळेश्वर. बसमध्ये माणसं आणि सामान भरलं, मुक्काम गेस्ट हाउसला. बजेट सांगतात ते साडेतीन लाखांच्या आसपास. सेट नाही, कारण बंगले आणि जंगल तयारच होतं. मोठा नट नाही. अमजद खानचा भाऊ इम्तियाज खान खलनायक. कच्ची फिल्म तेव्हा महाग आणि मिळायला अवघड, त्यामुळे एकच शॉट दहादा घेण्याची चैन नाही. महिना-दीड महिन्यात चित्रपट गुंडाळला. आई आणि सुना बरोबर होत्या. स्वयंपाक त्यांच्याकडे, कपडेपटाला आणि रंगरंगोटीला हात लावायचा तोही त्यांनीच. आख्खं लग्नघर उचलून गडावर न्यावं तसं.

इथे माझा सिनेमा रेंगाळतो. रात्रीचं शूटिंग. कबरीतून उठणाऱ्या माणसाचा चेहरा रंगवून तयार आहे, दिवे लावायला वेळ लागतोय, आणि भूक कुणाला चुकलीय? तोंड हलवलं तर लेप तडकणार. सून ताट घेऊन उभी आहे, आणि प्रेत चमच्याने आमटी पितंय. हा प्रसंग माझा, कुणी लिहून ठेवलेला नाही. पण सिनेमा घरातल्या बायकांच्या हातचं खाऊन झाला हे तर नक्की आहे, मग असं काहीतरी झाल्याशिवाय कसं राहील? सगळ्या मुलाखतींत भावांची नावं येतात, आणि बायकांच्या वाट्याला 'घरच्या बायका स्वयंपाक करायच्या' एवढं एक वाक्य. मला त्या वाक्याचा अर्धा तास हवा आहे. पहाटे पाच वाजता, महाबळेश्वरच्या थंडीत, परक्या गेस्ट हाउसच्या स्टोव्हवर तीसेक माणसांचा चहा टाकणाऱ्या बाईला त्या सिनेमाबद्दल काय वाटत होतं? तिला रात्री एकटीने परसात जायला भीती वाटायची का? की मुखवटा कुठल्या ट्रंकेत ठेवलाय हे तिलाच माहीत असल्यामुळे ती एकटीच बिनघोर झोपायची?

असल्या सिनेमांची, म्हणजे सिनेमा कसा घडला ह्याच्या सिनेमांची, मला चटक आहे. 2012 मध्ये हिचकॉकवरचा आला होता, अँथनी हॉपकिन्स आणि हेलन मिरेनचा, 'सायको' कसा बनला त्याचा. तिथेही पॅरामाउंट स्टुडिओने हात वर केले, हिचकॉकने स्वतःचे पैसे घातले, आपल्या टीव्ही मालिकेचंच युनिट घेतलं आणि कृष्णधवल फिल्मवर आठ लाख डॉलर्सच्या आसपास काम उरकलं. रामसेंचंच गणित, फक्त शून्यं वेगळी. त्यात एक दृश्य फार सुंदर आहे. पहिल्या खेळाला हिचकॉक आत न बसता लॉबीत उभा राहतो, आतून किंकाळ्या येतात आणि हा त्या तालावर हवेत हात फिरवतो. पण त्याच चित्रपटात 'सायको'मागचा खरा खुनी एड गीन मधूनमधून हिचकॉकला दिसतो आणि त्याच्याशी बोलतो. अरे कशाला? ज्याच्या घरात अल्मासारखी बायको आहे, पटकथेपासून संकलनापर्यंत सगळ्यावर जिची नजर फिरायची, त्या माणसाला गप्पा मारायला खुनी कशाला लागतो? त्या दोघांची स्वयंपाकघरातली भांडणं हाच त्या चित्रपटातला सगळ्यात जिवंत भाग होता, आणि निर्मात्यांचा त्यावर विश्वास बसला नाही.

रामसेंच्या चित्रपटात हेच होईल ही माझी धास्ती आहे. लिहिणाऱ्याला मोह होणारच, की भूत काढणाऱ्यांच्या मागे खरं भूत लावावं. आणि त्यासाठी किस्सेही तयार आहेत. महाबळेश्वरला कबरीच्या दृश्यासाठी खणताना खरंच एक प्रेत लागलं, हा एक. रामसेंचाच पुढचा 'वीराना' सुचला कसा, तर श्याम रामसेंनी महाबळेश्वरहून परतताना रात्री एका बाईला गाडीत घेतलं आणि तिचे पाय उलटे निघाले, हा दुसरा. हे किस्से त्या घराण्यातूनच पसरलेत आणि ते विकायला उत्तम आहेत. आमच्या घाटात उलट्या पायांची बाई न भेटलेला ड्रायव्हर मिळणं कठीण, त्यामुळे माझा त्याला विरोध नाही. फक्त ते किस्सा म्हणूनच यावेत. श्याम रात्री जेवताना सांगतोय, बाकीचे भाऊ हसतायत, आणि वडील विचारतायत की ह्यात किती रिळं होतील.

दुसरा मोह हसण्याचा. रामसेंना हसणं सोपं आहे. आम्हीही हसायचो. 'पुराना मंदिर' 1984 चा, आम्ही तो दोन-तीन वर्षांनी बघितला, भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर. रात्रभरासाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेटी अशी बोली असायची. पहिली पौराणिक, आजीसाठी. दुसरी मारधाडीची. तिसरी ही, मोठे झोपल्यावर. कॅसेट इतकी फिरलेली की जिथे जिथे लोकांनी मागे घेऊन पुन्हा बघितलं होतं, नेमक्या तिथेच पडद्यावर पट्टे यायचे. पट्टे यायला लागले की आम्ही उशा जवळ ओढायचो, कारण आता काहीतरी येणार हे पट्टेच सांगायचे. आजी झोपलेली नसायचीच. हवेलीत नायिका एकटी दिवा घेऊन निघाली की पलंगावरून आवाज यायचा, "अगं, एवढं दार वाजतंय तर तिकडंच कशाला मरायला जातीयास?" तेव्हा हसू यायचं, आणि तरी आम्ही चौघं एकाच गोधडीत होतो.

ती हवेली म्हणजे मुरूडचा नवाबाचा राजवाडा, हे कितीतरी नंतर कळलं. आणि त्यातला सैतान सामरी, ज्याच्या धास्तीने आम्ही मोरीत एकटे जात नसू, तो अनिरुद्ध अग्रवाल रुडकीला शिकलेला इंजिनिअर. उंची आणि चेहरा देवाने दिला तसा, त्यावर रामसेंनी थोडं काम केलं. ह्या माणसावर वेगळा चित्रपट निघू शकतो, म्हणून इथे त्याला घेऊ नये असं माझं मत. 'दो गज'पाशी थांबायचं तर थांबायचं.

हसण्याचाच एक चुलतभाऊ म्हणजे किळस. आशिम अहलुवालियाचा 'मिस लव्हली' मी बघितलाय. ऐंशीच्या दशकातल्या मुंबईत हलके भूतपट काढणाऱ्या दोन भावांची गोष्ट. चित्रपट ताकदीचा आहे, पण त्यातली हवा कोंदट आहे, आणि ती त्या गोष्टीची गरज होती. रामसेंचं घर तसं नव्हतं. तिथे बाप होता, हिशेबाची वही होती, एकत्र कुटुंब होतं. समीक्षकांनी त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, मराठी पांढरपेशांनीही ठेवलं. आमच्याकडे नारायण धारपांच्या भयकथा वाचणं हे वाचन आणि रामसे बघणं हा चावटपणा, अशी वर्गवारी होती. धारप मीही उशीखाली ठेवून वाचलेत. भीती दोन्हीकडे सारखीच वाटायची. एका ठिकाणी ग्रंथालयाचा शिक्का होता इतकंच.

मग कसा हवा हा चित्रपट? त्याचा नमुना मराठीत होऊन गेलेला आहे. परेश मोकाशीचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 2009. दादासाहेब फाळके म्हटल्यावर कुणीही हार घालून, समई लावून सुरुवात केली असती. मोकाशीने फाळक्यांचा उद्योग घरातल्या धमालीसारखा दाखवला. फाळके झालेला नंदू माधव घरातलं सामान विकतोय, विभावरी देशपांडेची सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला शिकतेय आणि वर युनिटला जेवायलाही घालतेय, तारामतीसाठी बाई मिळेना म्हणून उपाहारगृहातला साळुंके पकडून आणलाय, पोरगा रोहिदास झालाय. 1913 चा तो पहिला चित्रपट आणि 1972 चा हा, मधे जवळजवळ साठ वर्षं, एक देवाधर्माचा, एक कबरीतला. पण घर तेच. पैसा घरचा, माणसं घरची, आणि चूल पेटली तर कॅमेरा चालणार. फाळक्यांच्या वंशावळीत रामसेंचं नाव घातलं तर काही लोक चिडतील. चिडू देत. फाळकेही जत्रेतल्या माणसाला तिकीट काढायला लावणारेच होते.

बातमी आली तेव्हा तुलसी रामसे जाऊन काही महिने झाले होते, 2018 च्या डिसेंबरात. बातमीनंतर दोनच महिन्यांनी, 2019 च्या सप्टेंबरात, श्याम रामसेही गेले. दिग्दर्शनाची जोडी आता विचारायला नाही. पण मला हव्या असलेल्या अर्ध्या गोष्टी त्यांना विचारून मिळाल्या नसत्याच. कुठल्या दिवशी पीठ संपलं, कुणाच्या लेकराला महाबळेश्वरात ताप आला, मुखवटा वाळत घातला तेव्हा कामवाली किंचाळली का, हे दिग्दर्शकाला आठवत नसतं. हे ज्या बायकांना आठवत असेल त्यांच्याकडे कुणीतरी वही घेऊन जायला हवं. रितेश शाह गेले असतील अशी आशा करते.

राहता राहिला प्रश्न शूटिंग कुठे करायचं. आता महाबळेश्वरात सीझनला गेलात तर वेण्णा लेकच्या आधीच गाड्यांची रांग लागते, आणि कबर खणायला जागा बघाल तिथे कुणीतरी स्ट्रॉबेरी क्रीम विकत बसलेलं असतं. जावं ते पावसाळ्यात. वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरातच, त्यामुळे पर्यटक नाहीत, खोल्या निम्म्या भाड्यात, आणि धुकं असं की हातातली छत्री दिसत नाही. धुराचं मशीन आणायला नको. कॅमेरा भिजेल, जनरेटर बंद पडेल, कलाकार शिंकतील, पण हिशेब फत्तेचंद रामसेंना नक्की पटला असता. जेवणाची सोय मात्र वाईतूनच करा, वर पावसात काही मिळत नाही. तीस माणसांचं असेल तर आदल्या रात्री सांगितलं तरी चालतं. भुताची आमटी वेगळ्या डब्यात, पातळ.